बाबांच्या गाडीचा कार्ब्युरेटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा किका! मी मोजल्या. धाकटे सरकार, म्हणजे आमचे बंधुराज, अंगणात घामाघूम, आणि मी बाबांच्या खोलीत खिडकीशी, हातात चहा. बाराव्या किकेला गाडी सुरू झाली. फट्... फटफट... फुस्स. गप्प.

मी हसत मागे वळून बाबांकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू तेवढी त्यांची हलते. ती आक्रसली, मग डोळे मिटले. दुखलं! ज्या गाडीला चाळीस वर्षं कुणा मेकॅनिकचा हात लागू दिला नाही, तिचे हे हाल ऐकवेनात त्यांना.

मला बरं वाटलं. इथे खोटं लिहून काय करायचं आहे? फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज तपासणी विभागात काम कमी होतं. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंची मापं घेते मी. शंभरातले चार तुकडे नापास केले. घरी मात्र सगळे पास.

सरकारांची बाजू आधी नीट मांडते, म्हणजे अन्याय नको. जूनमध्ये बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजही थोडी कमी झाली असेल, विचारलेलं प्रत्येक वेळी पोचेलच असं नाही. डावा हात शाबूत आहे. एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. जानेवारीत हृदयाचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, की उन्हाळा निघाला तरी पुष्कळ.

त्याच आठवड्यात बाबांनी खिडकीकडे बोट केलं आणि हवेत मूठ पिळली. ॲक्सिलरेटर! सरकारांच्या डोळ्यांत पाणी. "ताई, बाबांना गाडी ऐकायचीय." मग काय! गाडी पुढच्या बाजूला शेडखाली, बाबांचा पलंग आतल्या भिंतीला. दिसणं शक्य नाही, पण ऐकू तर येईल. तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता, ऑफिसला जायच्या आधी, धाकटे सरकार किका मारतात.

गाडी विलायती, पाचशे सीसी, एकच सिलिंडर, माझ्याहून जुनी. तिच्या कार्ब्युरेटरची स्लाईड झिजली आहे. स्लाईड म्हणजे आत वरखाली होणारी दट्ट्यासारखी वस्तू. ती झिजली की बाजूने चोरटी हवा शिरते आणि गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता, उभी राहत नाही. बाबा मे महिन्यात नवा कार्ब्युरेटर बघतच होते. बघता बघता स्वतःच आडवे झाले.

हे सगळं मला माहीत आहे. सरकारांना माहीत नाही. गाडीची किल्ली मात्र सरकारांकडे. आयत्या बिळावर नागोबा!

८ फेब्रुवारी, रविवार

सरकार जेवणाच्या टेबलावर मोबाईल मांडून बसले होते. चार पर्याय निघाले आहेत म्हणे. जुन्याच कार्ब्युरेटरला आतून नवी नळी बसवून घ्यायची. किंवा तसाच्या तसा, पण नवा, सत्तावीस मिलिमीटर भोकाचा. किंवा त्याच देशातला, पण नंतरच्या घडणीचा, तीसचा. किंवा थेट जपानी, बत्तीसचा. बत्तीसवाल्याचे तीन व्हिडिओ त्यांनी मला दाखवले. तिन्हींत गाडी पहिल्या किकेला सुरू. तिन्हींत गाडी वेगळी होती, पण तेवढं बघायला अक्कल लागते.

"ताई, मोठा घेतला तर ताकद वाढेल ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. अरे गाढवा, सरबत बारीक नळीने वर येतं. बागेतला पाइप ग्लासात घालून ओढ, येतं का बघ! मोठ्या भोकातून हवा सावकाश जाते, ती पेट्रोल उचलत नाही. या इंजिनाला सत्तावीस म्हणजे सत्तावीस. बाबांनी मला बाराव्या वर्षी शिकवलंय हे, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून.

मी मिठाची गुळणी धरली. मग तीही सोडली आणि म्हणाले, "बाबांना मोठंच आवडायचं."

तो एवढा खूश झाला की माझ्या ताटात वाढायला लागला!

९ फेब्रुवारी, सोमवार

झोप छान लागली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बत्तीस आला. डबा उघडायला सगळं घर गोळा. भावजय म्हणाली, किती चकचकीत आहे हो! दिवसाची बाई, म्हणजे आम्ही कामावर गेल्यावर बाबांकडे बघणारी, तिनेही मान डोलावली. बाबांच्या डोळ्यांसमोर नेऊन धरला. बाबांनी तो बघितला, बराच वेळ बघितला. मग डाव्या हाताने सरकारांचा हात दोनदा दाबला.

नाही!

लोळागोळा झालेला माणूस नुसत्या नजरेने माप घेतो. मानलं पाहिजे. पण सरकार म्हणाले, "दमलेत ते. त्यांना कळलं नसेल." आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो, दमलेत.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. बघू देत.

१५ फेब्रुवारी, रविवार

मधला जोड बसेना म्हणून रबराची नळी, दोन पट्ट्या, वर हातोडी. हातोडी! मी कपडे वाळत घालत ऐकत होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज सुरू झाली. सुरू होते, कबूल. पण स्लोला उभी राहत नाही, हात ढिला केला की मरते. रेस दिली तर आधी घुटमळते, मग खोकते, मग एकदम उधळते. सरकार ओरडले, "बाबा, ऐकताय ना?" आणि पुन्हा पिळली. फटाके फुटल्यासारखा एक बार काढून बंद.

मला हसू आवरेना. खिडकीला टेकून हसले, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत. बाबांकडे वळले तेव्हाही हसतच होते. त्यांची नजर माझ्यावरच होती. तोंड तसंच आक्रसलं, डोळे तसेच मिटले, आणि आज एक पाण्याची रेघ उशीवर उतरली.

हेच ऐका आता. तुमचा राजा वाजवतोय.

२२ फेब्रुवारी, रविवार

राजा का म्हणाले ते लिहिते. आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी एकोणीसची, तो पंधराचा. बाबांच्या गाडीवाल्या दोस्तांची दौड निघायची होती. आदल्या दिवशी गाडी मिसिंग करायला लागली. बाबा कारखान्यात पाळीवर. मी एकटीने कार्ब्युरेटर उतरवला, पेट्रोल सोडणारे बारीक जेट साफ केले, सुई एक खाच वर घेतली, स्लो लावला. असा लावला की एकेक ठोका मोजून घ्यावा! सकाळी दोस्त जमले. इंजिन नुसतं शांत ठोके टाकत उभं. सगळे गप्प ऐकत होते. एक जाडा होता त्यांच्यात, तो म्हणाला, कुणी लावली रे ही? मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. नखांत काळं तेल.

बाबा म्हणाले, "आमच्या राजाने."

मग त्या पंधरा वर्षांच्या खुळ्याच्या पाठीवर थापा. तो बावळटासारखा हसला. त्याने तेव्हा पाना कशाशी खातात ते माहीत नव्हतं! संध्याकाळी मी विचारलं तर बाबा म्हणाले, पोरीने लावली म्हणालो असतो तर मला हसले असते. एवढंच. वर हेही म्हणाले, की तुला माहीत आहे ना, मग झालं. आणि अठरा पुरी होताच किल्ली राजाच्या हातात.

तेव्हापासून मी त्या गाडीला हात लावलेला नाही. अठ्ठावीस वर्षं. आणि या घरात बाबांचं हगणं-मुतणं सकाळ-संध्याकाळ कोण काढतं? राजा नाही.

आज तो राजा पायरीवर बसून रडला. म्हणाला, "ताई, मला नाही जमत. बाबा जातील आणि मला एवढंही जमलं नसेल." मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की प्रयत्न करत राहा, प्रयत्नाला यश येतं. उद्या आठला पुन्हा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर येऊन गेले. पायांवर सूज. "महिना धरून चला."

महिना!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हिशेब चुकतोय माझा. ते असेच गेले, खोकणारी गाडी ऐकत, तर सरकारांना ती जमली नाही एवढंच सिद्ध होतं. मला जमते हे कुणी ऐकलं? त्या माणसाशिवाय या जगात कुणाच्या कानाला पत्ता आहे, की ही गाडी बरोबर वाजते म्हणजे काय? त्यांना ते ऐकू द्यायचं, आणि हात माझा होता हे त्यांना कबूल करायला लावायचं. मरायच्या आधी.

दया नाही ही. उगाच कुणी तसं समजू नये.

दुपारी सुट्टी टाकून जुन्या पार्टवाल्याकडे गेले. म्हातारा अजून त्याच स्टुलावर. मी नुसतं गाडीचं साल सांगितलं. म्हणाला, सत्तावीस, तसाच्या तसा, स्लाईड कडक मुलाम्याची घे, झिजत नाही. मग सुई कुठली, मेन जेट कितीचा यावर आम्ही तासभर भांडलो. इतकं बरं भांडण कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्याने विचारलं, लावणार कोण? मी म्हणाले, मी. तो हसला नाही. नुसते एक पाकीटभर वायसर जास्तीचे टाकले.

२ मार्च, सोमवार

कार्ब्युरेटर डब्यातून कामावर नेला. जेवणाच्या सुट्टीत भोक मोजलं: सत्तावीस, केसभरही फरक नाही. जोडाची बाजू निळी शाई लावून सपाट दगडावर घासली. सगळीकडे सारखी शाई. पास! या जोडावर लोक नट आवळताना जोर दाखवतात, मग ती बाजू वाकते, स्लाईड अडकते आणि कार्ब्युरेटरला शिव्या. उथळ पाण्याला खळखळाट फार.

आज किती नापास केले आठवत नाही.

७ मार्च, शनिवार

सरकार आणि भावजय तिच्या माहेरी गेले, उद्या संध्याकाळी येतील. मीच आग्रह केला. "दोन दिवस जा, मी आहे ना." त्याच्या डोळ्यांत केवढी कृतज्ञता! बावळट.

दिवसभर शेडमध्ये. बत्तीस काढला. रबराच्या नळीला आत चिरा गेल्या होत्या. सत्तावीस बसवला, नट दोन बोटांनी आवळले, मग पाव फेरा. केबल, फ्लोट, पेट्रोल. हात विसरले असतील वाटलं होतं. नाही विसरले. उलट इतके शहाण्यासारखे चालले की मला त्यांचा रागच आला; इतकी वर्षं कुठे होतात रे?

गाडी चालू केली नाही. उद्या आठला.

८ मार्च, रविवार

बाबांना पुसून घेतलं, उशा लावून उंच बसवलं. खिडकी सताड उघडली. दिवसाच्या बाईची आज सुट्टी, घरात दुसरं कुणी नाही.

पिस्टन वर आणला, दम धरला, आणि किक. दुसऱ्या किकेला सुरू! तीन मिनिटं गरम होऊ दिली. मग हवेचा स्क्रू, स्लोचा स्क्रू, पुन्हा हवेचा. खाली, आणखी खाली. शेवटी उभी राहिली. ठोका. ठोका. ठोका. मधल्या जागेत माणसाने श्वास घ्यावा. रेस दिली तर घुटमळ नाही, एका दमात वर आणि तितक्याच शहाणपणाने परत खाली. एकोणिसाव्या वर्षीसुद्धा इतकी चांगली लागली नव्हती.

मी रडत होते. हसतही होते. गाडी तशीच चालू ठेवून धावत खिडकीशी गेले, बाहेरून गज धरून आत तोंड घातलं. काळे हात, नाक लाल, आणि हसू पार कानापर्यंत. म्हटलं, बघा! ऐका!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची डावी बाजू आक्रसली. डोळे मिटले. मग मान हळूहळू वळवली, त्यांना केवढे कष्ट पडतात वळवायला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मागे गाडी ठोके टाकत होती. मी जाऊन बंद केली.

त्याच दिवशी, दुपार

हात धुतले. आत गेले. अगदी तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, डावा हात हातात घेऊन. आता आडपडदा नको.

"गाडी ऐकलीत?"

दोनदा दाबला.

"सकाळी, बाबा. आत्ता सकाळी. ऐकलीत ना?"

दोनदा. जोरात.

खोटारडा म्हातारा! एवढ्याशा खोलीच्या खिडकीबाहेर पाचशे सीसी वाजत होती, पाव तास, आणि हा म्हणतो ऐकली नाही. पोरीने लावली म्हणजे वाजलीच नाही! मरणाच्या दारातसुद्धा हसतील म्हणून भीती. कोण हसणार आहे आता? तो जाडा जाऊन सहा वर्षं झाली.

मी त्यांना सगळं सांगितलं. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, त्यांच्या नाकासमोर. बत्तीस मीच घ्यायला लावला. तुमच्या राजाला काही येत नाही, कधी येत नव्हतं. आणि आत्ता लावलेला मी काढून टाकणार आहे. तुम्हाला जाईपर्यंत तेच फुस्स ऐकायचंय. कळलं?

एकदा दाबला. हो.

भरवताना चमचा दातांवर लागला. मुद्दाम नाही, पण सांभाळलाही नाही.

संध्याकाळच्या आत बत्तीस परत जागेवर. सत्तावीस माझ्या कपाटात, कपड्यांखाली. सरकार आले, विचारलं, ताई, दमलीस का?

९ मार्च, सोमवार

आठ वाजता: फट्, फुस्स. मी खिडकीशी गेले नाही. पलंगाजवळ उभी राहिले, दगडासारखी. आज बाबांचं तोंड आक्रसलं नाही. नुसते माझ्याकडे बघत होते. कशाचा काही परिणामच नाही. निगरगट्ट!

१३ मार्च, शुक्रवार

सरकारांनी परस्पर एक बाई बोलावल्या, झटका आलेल्यांना बोलायला शिकवतात त्या. मी म्हटलं, महिना राहिलेल्या माणसाला बोलायला शिकवून काय करणार? पण सरकार म्हणाले, निदान एखादा शब्द, ताई.

बाई तरुण, कामाच्या वाटल्या. बाबांच्या समोर बसून विचारलं, तहान लागली? एकदा. मी कोण, मुलगी का? दोनदा. सगळं बरोबर. मग कागदाने स्वतःचं तोंड झाकून तोच प्रश्न. काही नाही. पुन्हा विचारला. काही नाही. उठून उशांमागे गेल्या आणि दोन स्टीलच्या डब्या एकमेकींवर दाणकन आपटल्या. दिवसाची बाई स्वयंपाकघरात दचकली. सरकार दचकले.

बाबा समोर भिंतीकडे बघत होते. पापणीही हलली नाही.

बाईंनी विचारलं, झटका आल्यावर यांचे कान कुणी तपासले होते का? सरकारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, नाही. सगळं झटक्यावरच घातलं आम्ही.

१४ मार्च, शनिवार

सरकार आज गाडीशी गेले नाहीत. मंगळवारी कानाच्या तपासणीची वेळ मिळाली आहे. मलेरियाचा ताप असल्यासारखे दात वाजतायत माझे, ताप मात्र नाही.

१७ मार्च, मंगळवार

तपासणी झाली. उजवा कान कारखान्याच्या आवाजाने गेला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डावा जूनमध्ये, झटक्याबरोबर. तपासणारी म्हणाली, समज उत्तम आहे त्यांची, समोरच्याचं तोंड बघून सगळं ओळखतात.

नऊ महिन्यांत एकही आवाज त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. बत्तीसचा नाही, सत्ताविसाचाही नाही. रोज सकाळी आठ वाजता बाबांना खिडकीत दिसत होतं ते फक्त माझं हसणं.